गंगावन : उसन्या केसांची नाशिककथा

केसांच्या तयार बटा मागवून घरच्या आरशासमोर एकेक करून आपल्या केसांना जोडणे, हा आज नवा प्रकार समजला जातो. पाकिटावर त्याचे नाव 'हेअर एक्स्टेन्शन' असे असते. मराठीत मात्र या वस्तूला जुना, स्वतःचा शब्द आहे : गंगावन. आज विशीत असलेल्या अनेकांनी तो ऐकलेला नसेल. त्यांच्या पणजीच्या फणेरपेटीत मात्र ते असण्याचा संभव बराच आहे.

गंगावन म्हणजे आपल्या वेणीत मिसळण्यासाठी घेतलेला दुसऱ्या केसांचा झुपका. नाशिककर गोदावरीला नुसते 'गंगा' म्हणतात, तिच्या घाटाला गंगाघाट म्हणतात. म्हणून या शब्दाचा उगम रामकुंडावर शोधण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. दक्षिणेकडे पाहिले तर निराळाच धागा हाती लागतो. कन्नडमध्ये या उसन्या केसांना 'चौरी' आणि तमिळमध्ये 'सवुरी' म्हणतात. दोन्ही शब्द 'चमरी'वरून आले आहेत. चमरी म्हणजे हिमालयातील याक. त्याच्या शेपटीच्या केसांची चवरी देवावर आणि राजावर ढाळली जाई, आणि तिचेच नाव दक्षिणेतील स्त्रीच्या वेणीतल्या उसन्या केसांनाही मिळाले.

हे जोडकाम घरचे होते आणि त्याचे शास्त्रही घरचेच होते. विंचरताना फणीत अडकलेली गुंतवळ फेकून न देता साठवायची. पुरेशी झाली की शिकेकाईने धुऊन, सावलीत वाळवून, उकलून सरळ करायची आणि एका टोकाला दोऱ्याने घट्ट बांधायची. लावताना स्वतःच्या केसांचे मानेशी तीन पेड करायचे. गंगावनाचेही तीन भाग करून एकेक भाग एकेका पेडात मिसळायचा आणि वेणी घालत खाली यायचे. उसने केस कोठे सुरू झाले, हे वेणीच्या विणीत लपून जाते. मग शेपटा मोकळा सोडा किंवा त्याचा अंबाडा वळून आकड्यांनी बसवा. रात्री वेणी सोडली की गंगावन पुन्हा पेटीत जाई.

हे रोज सोडणे महत्त्वाचे होते. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आजच्या पद्धतीत प्रत्येक बट केराटिनच्या गोंदाने किंवा बारीक कडीने मुळाजवळच्या थोड्याशा केसांना जखडलेली असते. महिना सरतो तसा जोड खाली सरकतो, आणि बटेचा भार त्या मोजक्या केसांच्या मुळांवर दिवसरात्र राहतो. तो ताण फार काळ टिकला तर त्या जागचे केस विरळ होऊ लागतात. गंगावनाचा भार सबंध वेणीवर वाटला जाई आणि रात्री उतरे. चिकटवण्याची कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. वाल्मीकी रामायणात वनवासाला निघालेला राम गंगेकाठी वडाचा चीक मागवतो आणि त्याने स्वतःच्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा वळतो. पुढे हे दोघे ज्या पंचवटीत राहिले तिचे नावच पाच वडांवरून पडले, हा योगायोग नाशिककरांना आवडावा असा आहे.

गंगावन कोणी लावायचे, हा प्रश्न मात्र केवळ आवडीचा नव्हता. लांब केस हे सौभाग्याचे लक्षण मानले जाई. ज्या तीर्थांच्या काठी केसांचे हे मोल ठरत असे, त्यांत नाशिक अग्रभागी होते. तीर्थावर क्षौर करण्याचा विधी पुरुषांसाठी होता. सवाष्णीच्या केसांना धर्मशास्त्राने बहुधा सांभाळूनच घेतले. प्रयागच्या संगमावर महाराष्ट्रातील दांपत्ये आजही वेणीदान करतात. पती पत्नीची वेणी घालतो, आणि तिच्या टोकाचे बोटभर केस कापून पाण्यात अर्पण केले जातात. सवाष्णीकडून देवाला एवढेच पुरते.

विधवेकडून मात्र सगळे केस घेतले जात. स्कंदपुराणाच्या काशीखंडात असे वचन आहे की विधवेने केस बांधले तर तिच्या मृत पतीला परलोकात बंधन पडते. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींच्या घरांत या वचनाचा अंमल वस्तऱ्याने होई. पतीच्या निधनानंतर केशवपन, अंगावर लाल आलवण, आणि पुढे आयुष्यभर ठरावीक काळाने पुन्हा तोच वस्तरा. कारण महिन्याला एक सेंटिमीटर वाढणे केस काही थांबवत नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या वाट्यालाही हे येई. एकाच माजघरात एक जाऊ गंगावन घालून अंबाडा वळत असे आणि दुसरी पदर कपाळापर्यंत ओढून नाभिकाची वाट पाहत असे. केसांचा इतिहास लिहिताना या दोघींपैकी एकीचाच लिहिला तर तो अर्धाही होत नाही.

१८९० च्या सुमारास या प्रथेवर दोन बाजूंनी आघात झाला. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमू हिच्यावर अखेर सक्तीने केशवपन लादले जाते. त्याच सुमारास मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निश्चय केला. या दोन घटनांत दुसरी अधिक धीराची म्हटली पाहिजे. कादंबरीकाराला वाचक गमावण्याची भीती असते. नाभिकाला यजमान गमावण्याची होती.

याच काळात मराठी रंगभूमीवर लांब केसांना वेगळेच वैभव आले होते, आणि ते पुरुषांच्या डोक्यावर होते. नाटक मंडळ्यांत स्त्रियांची कामे स्त्री-पार्टी नट करीत. कोणी स्वतःचे केस वाढवीत, कोणी टोप लावीत, कोणी स्वतःच्या केसांना गंगावन जोडून काम भागवीत. रंगपटात केसांची ही सजावट शालूइतकीच महत्त्वाची होती.

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन त्याला आले असताना अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढचा खटला आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना झालेली फाशी हे सर्वपरिचित आहे. त्या रात्री रंगमंचावर कोणते नाटक व्हायचे होते, याकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' हे नाटक १८९९ मधले. पैशाच्या लोभाने बाप कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही त्याची कथा. असे लग्न झाले असते तर त्या मुलीच्या पुढ्यात काय होते, हे प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते : थोड्या वर्षांत वैधव्य, आणि मग वस्तरा. म्हणजे ज्या मुलीचे केस धोक्यात आहेत तिची भूमिका सजवलेल्या लांब केसांनी एक पुरुष करणार होता. आणि जिच्यावर हा प्रसंग खरोखर ओढवे, ती सोवळी स्त्री अशा प्रयोगाला येऊन बसणे तर दूरच, चारचौघांत दिसणेही अशुभ मानले जाई.

चार वर्षांनी नाशिकच्या या कथेत कॅमेरा आला. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चित्रपटात राणी आणि तिच्या सख्यांचे जलक्रीडेचे दृश्य आहे; त्या हौदातील सगळ्या 'स्त्रिया' पुरुषच होते.

स्त्रीभूमिका करणाऱ्यांपुढे केसांचाच आणखी एक पेच आला, असे सांगितले जाते : मिशा काढायला ते तयार होईनात. रूढीप्रमाणे मिशी उतरवायची ती वडील वारल्यावर. बाप हयात असताना ती काढणे म्हणजे त्याचे अशुभ चिंतणे. हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. पण विधवेचे केशवपन आणि मुलाची मिशी यांमागचा नियम एकच आहे : घरात मृत्यू झाला की तो जिवंतांच्या केसांवर लिहिला जातो. फरक इतकाच की मुलाची मिशी काही आठवड्यांत परत येई आणि तिला परत येऊ दिले जाई.

'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रशाळा नाशिकला हलवली. तेथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला, आणि त्यात प्रथमच स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आल्या : दुर्गाबाई कामत पार्वतीच्या भूमिकेत आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनीच्या. गोष्टही अशी निवडलेली की मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. इतके दिवस पुरुष नट स्त्री होत होते. येथे एक मुलगी स्त्री झालेल्या पुरुषाचे काम करीत होती. फाळक्यांनी हे जाणून केले की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गंमत उरतेच.

ती वाट लगेच रुंद झाली नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा अण्णा साळुंके यांनीच केल्या. एकाच माणसाच्या डोक्यावर एका दृश्यात वनवासी रामाच्या जटा आणि दुसऱ्या दृश्यात अशोकवनातील सीतेचा केशसंभार. सीतेचे पीळदार दंड पडद्यावर लपत नसत. तरी राम दिसताच प्रेक्षक पायांतली पादत्राणे काढून ठेवीत, असे वर्णन आहे. उसने केस नीट बसले असतील तर प्रेक्षक दंड माफ करतो, हे नाटकवाल्यांना फार आधीपासून माहीत होते.

नाटकात या कलेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. त्यांच्या नऊवारीची नेसण, अंबाडा आणि त्यावरचा गजरा यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. ज्याच्या भूमिका स्त्रियांना पाहून घडल्या होत्या, त्याला पाहून स्त्रिया आता स्वतःला घडवीत होत्या. फरक होता तो उघडपणाचा. नटाचा टोप ही त्याची कला ठरे आणि तिचे कौतुक होई. घरच्या बाईचे गंगावन ही लपवायची गोष्ट राही आणि कोणाच्या ध्यानात आलेच तर चेष्टेचा विषय होई.

पुढे वेण्या आखूड झाल्या, केस कापणे प्रतिष्ठित झाले आणि गंगावन लग्नातल्या खोप्यापुरते आणि लावणीच्या रंगमंचापुरते उरले. केसांचा व्यापार मात्र याच काळात जगभर पसरला. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते, आणि त्यातले लांब केस परदेशी टोप व बटांच्या बाजारात जातात. २००४ मध्ये याच केसांनी मोठा धर्मसंकटाचा प्रसंग उभा केला. जेरुसलेममधील ज्येष्ठ रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला की हे केस अन्य देवतेला वाहिलेले असल्याने ज्यू स्त्रियांनी त्यांचे टोप वापरू नयेत. लग्नानंतर टोपाने केस झाकणाऱ्या सनातनी ज्यू स्त्रियांनी मग आपले महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले.

या बाजारात देवळातल्या केसांना जो भाव येतो, त्याचे कारण श्रद्धेत नाही. केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे वळलेले असतात. डोक्यावरून एकदम उतरवलेल्या केसांची दिशा एकच राहते. म्हणून ते जटत नाहीत. फणीतल्या गुंतवळीत मात्र मुळे आणि टोके उलटसुलट मिसळतात, खवले एकमेकांत अडकतात आणि गाठी पडतात. म्हणून पणजीच्या गंगावनाला वारंवार तेल लागे. गुंतवळीचा आजचा घाऊक व्यवहार हे पापुद्रेच आम्लाने घालवून आणि वर सिलिकोनचा लेप देऊन ही अडचण सोडवतो. काही धुण्यांत लेप उतरतो आणि केस पुन्हा जटतात.

ही गुंतवळ महाराष्ट्रातल्या गावांतूनही गोळा होते. दारोदार फिरणाऱ्या बायका ती घेतात, ताजव्यात तोलतात आणि बदल्यात भांडी किंवा थोडे पैसे देतात. तेथून ती वर्गवारी करणाऱ्यांकडे, मग कारखान्यात, मग परदेशी, आणि त्यातला काही भाग रंगवून, पाकिटात भरून परत येतो. पाकिटावर बटेची लांबी असते, रंगाचा क्रमांक असतो आणि 'शंभर टक्के मानवी केस' एवढे छापलेले असते.