अहमदचा घोडा आणि माधव शिंदेंची कात्री

अकोल्याला माझे आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून आम्ही भावंडे तिथे जायचो ती आंब्याच्या रसापेक्षा मामूंच्या ओढीने. मामू एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. दुपारच्या शोला आम्हाला मागच्या लोखंडी जिन्याने वर केबिनमध्ये घेऊन जायचे. आत भट्टीसारखी उष्णता असायची. दोन मशीन, त्यांत पेटणाऱ्या कार्बनच्या कांड्या, भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या पेट्या. या पेट्या अमरावतीहून यायच्या. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सर्किटमध्ये अमरावती हे वितरणाचे मोठे ठाणे होते. वितरकांच्या कचेऱ्यांतून निघालेली प्रिंट गावोगाव फिरत फिरत मामूंच्या हाती पडेपर्यंत पुरती थकलेली असायची. मग ती तुटायची. पडदा पांढरा व्हायचा, खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या. मामू ब्लेडने फिल्मचे टोक खरवडायचे, ब्रशने सिमेंट लावायचे, दोन टोके दाबून धरायचे आणि गाडी पुन्हा सुरू.

त्या खटाटोपात गळून पडलेले तुकडे आम्ही मुले गोळा करायचो. उन्हात धरून पाहायचो. प्रत्येक चौकोनात तोच चेहरा, तोच हात. एकदा मी विचारले, "मामू, पिक्चर आप बनाते हो?" ते हसले. म्हणाले, "नहीं बेटा, मैं तो टूटी हुई जोड़ता हूँ. असली काटनेवाला बंबई में बैठता है."

हा बंबईत बसणारा 'असली काटनेवाला' कोण, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. मामूंनी ज्या चित्रपटाची प्रिंट सर्वांत जास्त वेळा जोडली असेल, त्या 'शोले'पुरते तरी त्याचे नाव आता मला ठाऊक आहे : माधव शिंदे. पडद्यावर एम. एस. शिंदे.

संकलक नेमके करतो काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. उर्दूत संकलनाला आम्ही 'तदवीन' म्हणतो. मराठीतला 'संकलन' काय किंवा उर्दूतला 'तदवीन' काय, दोन्ही शब्दांचा अर्थ जमवणे, रचणे असाच आहे. कापण्याचा त्यात उल्लेखही नाही. आणि संकलकाचे बरेचसे काम तर कापण्याचे. फिल्मच्या जमान्यात ते हातांनी व्हायचे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे असतात, सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांसमोरून जातात. म्हणजे एका मिनिटाला नव्वद फूट. दिग्दर्शकाने चित्रित केलेल्या भागाची कच्ची प्रिंट संकलकाच्या टेबलावर येते. एकच प्रसंग पाच बाजूंनी, कधी दहा वेळा घेतलेला असतो. मूव्हीओला यंत्रावर तो फिल्म पुढे-मागे फिरवतो, मेणाच्या पेन्सिलीने खूण करतो, कापतो आणि दुसऱ्या तुकड्याला जोडतो. चार चित्रे कमी केली तर ठोसा लागल्यासारखा वाटतो, चार जास्त राहिली तर खोटा वाटतो. चार चित्रे म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. त्यासाठी संकलक रात्र घालवतो.

आता 'शोले'चा हिशेब पाहा. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातल्या रामनगरम येथे चित्रीकरण सुरू झाले आणि ते दोन वर्षांहून थोडेच कमी चालले. आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग आपल्या पनवेलच्या बाजूला घेतला गेला, त्यालाच सात आठवडे लागले. रमेश सिप्पी यांनी एकूण सुमारे तीन लाख फूट फिल्म चित्रित केल्याचे सांगितले जाते. नव्वदने भागा. पंचावन्न तासांचा चित्रपट होतो. रोज सहा तास पाहायला बसलो, तरी नऊ दिवसांत संपणार नाही. शिंदेंनी त्यातून अठरा-वीस हजार फूट ठेवले. पंधरा फुटांतला एक फूट राहिला, चौदा गेले. आपण ज्याला 'शोले' म्हणतो, तो हा पंधरावा भाग आहे.

काय ठेवले आणि कसे ठेवले, हे दोन-तीन ठिकाणी पाहण्यासारखे आहे. ठाकूरच्या घरातली हत्या आठवा. एकेक माणूस गोळी लागून पडतो आणि प्रत्येकाचे चित्र क्षणभर गोठते. शेवटी लहान मुलावर गब्बर बंदूक रोखतो. मूल मरताना आपल्याला दिसत नाही. चित्र बदलते, आगगाडी येते आणि ठाकूर आनंदाने स्टेशनवर उतरतो. त्याला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. पुढे गब्बर तलवारी उचलतो, तिथेही हात तुटताना दिसत नाहीत. चित्र वर्तमानात येते आणि ठाकूरच्या अंगावरची शाल घसरते. इतका क्रूर चित्रपट, पण त्यातली सर्वांत क्रूर कृत्ये पडद्यावर घडतच नाहीत. ती दोन तुकड्यांच्या सांध्यात घडतात.

माझ्या दृष्टीने यातला सर्वांत मोठा सांधा इमामसाहेबांच्या मुलाचा. रामगढच्या मशिदीचे अंध इमाम (ए. के. हंगल) आणि त्यांचा एकुलता एक अहमद (आपले सचिन पिळगावकर). जबलपूरला बिडीच्या कारखान्यात त्याला काम मिळणार आहे. बापाला एकटे सोडून जायला मुलगा तयार नाही. बापच समजूत घालून त्याला पाठवतो. विड्यांचे कारखाने आपल्या विदर्भातही कमी नव्हते आणि पोटासाठी पोराला परगावी धाडणारे बाप आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. म्हणून हा प्रसंग आपल्याला घरचा वाटतो. वाटेत डाकू अहमदला पकडून गब्बरपुढे आणतात. गब्बर आडवा पडला आहे, त्याच्या हातावर मुंगी चालते आहे. तो तिच्याकडे बघत राहतो आणि एका फटक्यात तिला चिरडतो. पुढच्या दृश्यात अहमदला घेऊन घोडा गावात येतो आणि घोड्यावर अहमद नाही, त्याचे प्रेत आहे.

अहमदला छळून मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता. तो करण्यात किती दिवस गेले, हे सचिन यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. प्रदर्शित चित्रपटात मात्र तो आला नाही. राहिली ती फक्त मुंगी आणि घोडा. यात दिग्दर्शकाचा, लेखक सलीम-जावेद यांचा वाटा किती आणि संकलकाचा किती, हे वेगळे काढता येत नाही आणि काढूही नये. पण टेबलावर ते दोन तुकडे एकमेकांना चिकटवणारा हात शिंदेंचा होता. पुढे काठी टेकत इमामसाहेब येतात, सगळे गप्प का आहेत म्हणून विचारतात आणि कोणी उत्तर देत नाही. इथे कात्री मुद्दाम थांबली आहे. इतर ठिकाणी चित्रे भराभर बदलणारा संकलक इथे बापाला त्याच्या पावलांनी चालू देतो. कुठे कापायचे हे जाणणारे पुष्कळ असतील. कुठे कापायचे नाही हे जाणणारे थोडे.

आणखी एक कात्री या चित्रपटावर चालली, ती सरकारी. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागू झाली. मूळ शेवटात ठाकूर आपल्या पायांनी गब्बरला ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. शेवट नव्याने चित्रित करावा लागला, पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा. तो जोडून १५ ऑगस्ट १९७५ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षे चालला. कापणे म्हटले तर दोन्ही कापणेच. एक कात्री सत्य जास्त खोल जावे म्हणून चालते, दुसरी सत्य दिसू नये म्हणून. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हा फरक रोज वर्गात भेटतो.

पुरस्काराची कथा तर आणखी बोलकी आहे. १९७६च्या फिल्मफेअर पुरस्कारांत 'शोले'ला नऊ नामांकने होती. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दीवार'ला गेला. नट, दिग्दर्शक, संगीतकार सगळे रिकाम्या हाताने परतले. 'शोले'ला एकच पुरस्कार मिळाला, संकलनाचा. ती बाहुली घ्यायला उठले ते माधव शिंदे. ज्या चित्रपटाचे संवाद शाळकरी पोरांना पाठ आहेत, त्याची त्या वर्षीची एकमेव बाहुली ज्याच्या घरी गेली, त्याचे नाव किती जणांना सांगता येईल?

शिंदेंचा जन्म १९२९चा. 'सीता और गीता' (१९७२) त्यांनीच संकलित केला. एकच हेमामालिनी दोन जणी म्हणून आपण मान्य करतो, त्यात अभिनयाइतकाच कात्रीचाही वाटा आहे. 'शोले'नंतर 'शान' (१९८०), 'शक्ती' (१९८२), 'सागर' (१९८५) हे सिप्पींचे चित्रपट त्यांच्याच टेबलावरून गेले. 'शक्ती'त दिलीपकुमार आणि अमिताभ समोरासमोर उभे आहेत. बापाच्या चेहऱ्यावर किती थांबायचे आणि मुलाच्या चेहऱ्यावर केव्हा जायचे, एवढाच प्रश्न. पण सगळा चित्रपट त्यावर तोललेला आहे. त्यांच्या नावावर शंभरच्या आसपास चित्रपट सांगितले जातात. सप्टेंबर २०१२मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात ते धारावीत एका लहानशा खोलीत राहत होते, हे वर्तमानपत्रांतून तेव्हाच अनेकांना कळले. तोवर त्यांची आठवण कोणाला झाली नव्हती. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात 'शोले'ची दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली. सेन्सॉरने काढलेला तुकडा पन्नास वर्षांनी परत आपल्या जागी लागला. तो पाहायला शिंदे नव्हते.

शिंदे एकटे नव्हते. गोव्यातल्या पोंबुर्फ्याचे वामन भोसले १९५२मध्ये मुंबईला आले आणि बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली काम शिकले. हे पै म्हणजे 'पाकीझा'चे संकलक. भोसले पुढे बारा वर्षे फिल्मिस्तानमध्ये साहाय्यक राहिले, तेव्हा कुठे स्वतंत्र काम मिळाले. राष्ट्रीय पुरस्कारांत संकलनाचा पुरस्कार प्रथमच दिला गेला तो भोसल्यांना, 'इन्कार' (१९७७)साठी. बोलपटांचे युग १९३१मध्ये सुरू झाले होते. म्हणजे या कामाला राष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत जागा मिळायला जवळपास अर्धे शतक गेले. भोसले एप्रिल २०२१मध्ये गेले.

आता थोडे आपल्याविषयी, आणि ते जरा कडू लागेल. इतिहासातून आपली नावे वगळली जातात ही आपली तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. पण आपण स्वतः कोणाची नावे जपतो? मुशायऱ्यात, जलशात आपण मेहबूब खान, नौशाद, नर्गिस ही नावे अभिमानाने घेतो. 'मदर इंडिया' (१९५७) आपल्याला तोंडपाठ. त्याचे संकलक शमसुद्दीन कादरी होते, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी उच्चारले? कादरींचे नाव कोणा परक्याने पुसले नाही. आपणच त्यावरून नजर फिरवली. नट दिसतो, गायक ऐकू येतो, म्हणून त्यांचा इतिहास होतो. टेबलामागे बसलेला दिसत नाही, म्हणून त्याचा होत नाही. विणकर, विडीवळे, छापखान्यातले जुळारी, कातिब यांचेही तेच. उर्दू पुस्तकाचे पान न् पान ज्यांनी हाताने लिहिले त्या कातिबांची नावे तरी कुठे आहेत?

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात मी मुलांना सांगितले, घरातल्या कोणा वडीलधाऱ्याच्या कामाविषयी एक पान लिहून आणा. काय करायचे ते नव्हे, कसे करायचे ते लिहा. बहुतेकांनी दोन ओळी लिहिल्या. कारण घरी कोणी कधी विचारलेच नव्हते. मलाही वाटले, मी तरी कुठे विचारले? मग त्या रविवारी अकोल्याला गेलो. डिजिटल आल्यावर मामूंचे काम गेले. टॉकीज बंद झाले, मशीन भंगारात विकले गेले. आता ते दिवसभर खाटेवर असतात, पण फिल्म जोडायची रीत विचारली तेव्हा उठून बसले. हातात फिल्म नसतानाही बोटे बरोबर चालत होती.

मी त्यांना शिंदेंची सगळी हकिकत सांगितली. 'शोले' मामूंनी किती वेळा दाखवला, याची गणतीच नाही. मी म्हणालो, "मामू, नाम तो शुरू में आता है. आपने सैकड़ों बार देखा होगा." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टायटल के वक़्त तो मैं फोकस मिलाता था बेटा, कार्बन देखता था. नाम कहाँ पढ़ा? फिर से बोल, क्या नाम था?"

मी पुन्हा सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. वहीत मी आधी शिंदेंचे नाव लिहिले होते, त्याखाली मामूंचे लिहिले आणि जोडायची रीत ते सांगतील तशी उतरवून घ्यायला बसलो.