चार तासांची झोप आणि गडचिरोलीचा धडा

हापिसातला एक मित्र नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतोय. परवा फोनवर अभिमानाने म्हणाला, "चार तास झोपतो रे, बास होतात!" दोन वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून स्वतःचं सॉफ्टवेअर बनवताना मीही हेच सांगत फिरायचो. मग पहाटे तीनला धडधडून जाग यायला लागली, कारण नसताना बायकोवर ओरडणं सुरू झालं, आणि साधा बगही सापडेना. तेव्हा कपाटातलं एक पुस्तक काढलं : डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'.

तर मंडळी, थोडा इतिहास. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आलं आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. सुरुवात तेंदूपत्त्याच्या गोदामात. आपल्या भाषेत गॅरेज स्टार्टअपच की!

१९९५ साली नवजात बाळांना घरीच उपचार देण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत सुरू झाला. त्याच वर्षी, वयाच्या ४४ व्या वर्षी, अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला. मग आहार, चालणं, योगासनं, ध्यान, आणि मुख्य म्हणजे मनावरचा ताण, सगळ्याचाच हिशोब नव्याने मांडावा लागला.

आता झोपेचा यात काय संबंध? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. हृदयाला विश्रांती मिळते ती तेवढीच. जागरण करणारा तीही रद्द करतो. शिवाय झोप कमी झाली की काळजी वाढते, काळजी वाढली की झोप उडते. इन्फिनिट लूप!

आणि त्या प्रयोगाचं काय झालं? तो चालूच राहिला. गावागावातल्या प्रशिक्षित बायका, म्हणजे आरोग्यदूत, घरोघरी बाळं तपासत होत्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

थोडक्यात काय, तर संस्थापक आडवा पडला तरी काम उभं राहिलं पाहिजे. आपण झोपलो की कंपनी बंद पडणार असेल, तर अडचण झोपेची नाही, कंपनीच्या बांधणीची आहे. हे मला फार उशिरा कळलं.

असो. पुस्तक मित्राला देतोय. त्याने ते रात्रभर जागून वाचलं नाही म्हणजे मिळवली!