जात्यावरची ओवी मोबाइलवर

पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवीही मागे पडली. पण ती हरवू नये म्हणून १९८०च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी साथीदारांसह काम सुरू केलं. हजारावर गावांतल्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यातल्या कितीतरी २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. सोबत गाणारीचं नाव, गाव.

राजांचा इतिहास बखरीत सापडतो. बाईचं सासर-माहेर, कष्ट, बाबासाहेबांवरची माया ओवीत सापडते.

बचत गटाच्या बैठकीत मोबाइलवर आपल्या तालुक्याचं नाव घालून शोधा. सापडलेली ओवी गावातल्या आजीला ऐकवा. तिला पुढची आठवली, तर तिला विचारून, तिच्याच नावानं लिहून ठेवा.