इंदूरमधील संगणक व इलेक्ट्रॉनिकी पदवी शिक्षण
होळकरांच्या या नगरीत तंत्रशिक्षणाचा पाया 1952 मध्ये श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेने घातला. 1964 साली इंदूर विद्यापीठ निघाले. पुढे त्याला देवी अहिल्याबाईंचे नाव मिळाले. विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग 1986 चा, म्हणजे घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीचा. खंडवा रस्त्यावरील विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 चे.

अशा शिक्षणात काय शिकवतात, याचे एक उदाहरण पाहू. आलेखिकी, म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स, हा विषय अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात बहुधा संगणक शाखेच्या पोटातच येतो. त्याच्या सुरुवातीलाच ब्रेसनहॅमची रेषारेखन रीत येते. पडदा चौकोनी ठिपक्यांचा, रेषा मात्र तिरकी. मग पुढचा ठिपका त्याच ओळीत पेटवायचा की एक ओळ वर? ही रीत साचत जाणाऱ्या चुकीचे चिन्ह पाहून ते ठरवते. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुरते, अपूर्णांकांना हात लावावा लागत नाही. 1960 च्या दशकातली ही युक्ती आजही परीक्षेला हमखास येते आणि ते योग्यच आहे: गणित, यंत्र आणि चित्र यांची गाठ इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. इलेक्ट्रॉनिकी शाखेचा भर मात्र अंकीय मंडले, सूक्ष्मप्रक्रियक आणि दळणवळण यांवर असतो.

2009 मध्ये इंदूरला आलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पहिले वर्ग विद्यापीठाच्या खंडवा रस्त्यावरील अभियांत्रिकी महाविद्यालयातच भरले. संगणक, विद्युत आणि यंत्र या आरंभीच्या शाखा. कायमचा परिसर सिमरोलला.