मिल्खा सिंग: ४५.६ की ४५.७३?

फाळणी, लष्कर, १९५८चं कार्डिफचं सुवर्ण. मिल्खा सिंग यांची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. आपण त्यातला एकच आकडा घेऊ. ६ सप्टेंबर १९६०, रोम ऑलिम्पिक, ४०० मीटरची अंतिम फेरी. मिल्खा चौथे, वेळ ४५.६ सेकंद. दुसरी नोंद मात्र ४५.७३ सांगते. दोन्ही खऱ्याच! पहिली स्टॉपवॉचची, दुसरी विद्युत यंत्राची. पिस्तुलाचा धूर दिसून बटण दाबेपर्यंत क्षणभर जातोच, म्हणून हाताने घेतलेली वेळ कमी भरते. तुलनेसाठी ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवतात. मिळवून बघा, ४५.७४ येतात.

१९९८मध्ये कोलकात्यात परमजीत सिंग ४५.७० सेकंदांत धावले. राष्ट्रीय विक्रम मोडला का? ४५.६शी ताडलं तर नाही, ४५.७३शी ताडलं तर हो. वाद झालाच. माझ्या मते परमजीत यांचंच बरोबर, यंत्राची वेळ यंत्राशीच लावायची. (जुना डेटा वापरणार असाल तर आधी उपकरणाचा रकाना बघा.)

तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्सची वेळ हाताने ४५.५, यंत्राने ४५.६०. म्हणजे मिल्खांचं कांस्य ०.१ नव्हे, ०.१३ सेकंदांनी हुकलं. आणि पहिल्या दोघांना, ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमनला, स्टॉपवॉचने सारखेच ४४.९ दिले होते. सुवर्ण फोटोवरून ठरलं.