उवा, खुपऱ्या आणि हजेरीपट

शाळेतल्या नर्सचं काम काय, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील : गुडघा फुटला की औषध लावायचं, पोटात दुखलं की गोळी द्यायची आणि जास्तच असेल तर घरी निरोप पाठवायचा. काम हलकं, जबाबदारी बेताची. आपल्याकडच्या बहुसंख्य शाळांना नर्स कधी मिळालीच नाही, त्यामुळे हा समज तपासून पाहण्याची वेळही आपल्यावर फारशी आली नाही. पण या कामाचा इतिहास पाहिला तर एक वेगळीच गोष्ट दिसते. शाळेत नर्स आली ती फुटलेल्या गुडघ्यासाठी नव्हे. ती आली हजेरीपटावरची नावं वाचवण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत एकेक सरकार शिक्षण सक्तीचं करू लागलं. इंग्लंडमध्ये १८८०च्या कायद्यानं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत घालणं बंधनकारक झालं. न्यूयॉर्क राज्यानं सक्तीचा कायदा १८७४मध्येच केला होता. तोवर गरिबाचं आजारी मूल घरातच असे, ते कुणाच्या नजरेस पडत नसे. आता ते वर्गात येऊन बसलं. अंगावर खरूज, डोक्यात उवा, डोळ्यांत खुपऱ्या आणि पोटात काही नाही, अशी मुलं एकाच बाकावर दाटीवाटीनं बसू लागली. मुलाला शाळेत आणणं सरकारला जमलं, पण आजारी मुलाला शिकवायचं कसं, हा प्रश्न कायद्यानं सुटला नव्हता.

लंडनमध्ये १८९२मध्ये एमी ह्यूज या परिचारिकेनं ड्रुरी लेनजवळच्या गरीब वस्तीतल्या एका शाळेला नियमित भेटी द्यायला सुरुवात केली. वाहणारे कान, चिघळलेल्या जखमा, सुजलेले डोळे हे तिचं रोजचं काम. यातलं एकही दुखणं जीवघेणं नव्हतं, पण प्रत्येक दुखणं मुलाला शाळेपासून तोडायला पुरेसं होतं. पुढे १८९८मध्ये अशा नर्स पुरवण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. पण तिचा सारा खर्च देणग्यांवर चाले. ही जबाबदारी सरकारची आहे, हे मान्य व्हायला अजून अवकाश होता.

ते मान्य झालं न्यूयॉर्कमध्ये, १९०२मध्ये. ही हकिगत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

त्या काळी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात रशियातून आलेले ज्यू, इटलीतून आलेले शेतमजूर अशी लाखो माणसं दाटीनं राहत. शहराच्या आरोग्य खात्यानं १८९७मध्ये शाळा तपासायला डॉक्टर नेमले होते. डॉक्टर सकाळी थोडा वेळ येत, मुलांवर नजर टाकत आणि ज्याला संसर्गाचा आजार दिसेल त्याला घरी पाठवत. १९०२मध्ये तपासणी कडक झाली आणि घरी पाठवलेल्या मुलांची संख्या भलतीच वाढली. एकट्या सप्टेंबर महिन्यात दहा हजारांहून जास्त मुलं शाळेबाहेर गेली.

घरी पाठवलं, म्हणजे नेमकं काय झालं? मुलाच्या हातात एक चिठ्ठी दिली गेली. ती इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही. वाचून घेतली तरी औषध कुठून आणायचं, कसं लावायचं, हे कोण सांगणार? चिठ्ठी घरातच पडून राही आणि मूल रस्त्यावर. संध्याकाळी शाळा सुटली की हेच मूल वर्गातल्या त्याच सवंगड्यांबरोबर खेळत असे. म्हणजे संसर्ग थांबला नाही, थांबलं ते फक्त शिक्षण.

या भागात लिलियन वॉल्ड ही परिचारिका १८९३पासून काम करत होती. हेन्री स्ट्रीटवरचं तिचं सेवाकेंद्र पुढे जगभर नावाजलं गेलं. तिनं आपल्या आठवणींत बारा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट लिहून ठेवली आहे. डोक्यावरच्या फोडांमुळे त्याला प्रत्येक वेळी शाळेतून परत पाठवलं जाई. बारा वर्षांचा झाला तरी तो एक दिवसही वर्गात बसला नव्हता. दवाखान्यातून मलम मिळत होतं, पण ते नीट, रोजच्या रोज लावणारं कुणी नव्हतं. वॉल्डनं ते काम केलं. फोड बरे झाले आणि सप्टेंबरमध्ये त्याला प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पाच जिने चढून धावत तिच्या खोलीवर आला. कशासाठी? तर सकाळी शिकलेल्या शब्दांची स्पेलिंगं म्हणून दाखवायला! बारा वर्षांचं नुकसान झालं होतं ते मलमाच्या एका डबीसाठी आणि ते लावणाऱ्या दोन हातांसाठी.

म्हणून १९०२मध्ये वॉल्डनं शहरापुढे प्रस्ताव ठेवला : माझी एक नर्स मी महिनाभर शाळांना देते. पण प्रयोग यशस्वी झाला तर पुढे तिचा पगार सरकारी तिजोरीतून द्यायचा. ही अट महत्त्वाची होती, कारण वॉल्डला दानधर्म नको होता, व्यवस्था हवी होती.

या कामासाठी निवड झाली लीना रॉजर्सची. ती मूळची कॅनडाची, टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात शिकलेली. ऑक्टोबर १९०२मध्ये तिच्याकडे चार शाळा आल्या. चारही मिळून मुलं होती सुमारे दहा हजार. तिला बसायला स्वतंत्र खोली नव्हती, सामान बेताचं होतं. सकाळी एकेका शाळेत जायचं, रांगेत उभी असलेली मुलं तपासायची, औषध लावायचं आणि शक्य तितक्यांना त्याच दिवशी वर्गात परत पाठवायचं. दुपारनंतर वस्तीतले अंधारे जिने चढत घरोघर जायचं.

तिचे उपचार साधेच होते. उवांसाठी रॉकेल आणि गोडं तेल सम प्रमाणात घेऊन डोक्याला चोळायचं, दुसऱ्या दिवशी साबणानं धुवायचं आणि लिखा सुटाव्यात म्हणून गरम व्हिनेगर लावायचं. आपल्या आज्यांनाही रॉकेलचा हा उपाय माहीत होता. (आज मात्र तो कुणी करू नये, रॉकेल पेट घेतं, त्वचेलाही अपाय करतं. आता त्याहून चांगली औषधं मिळतात.) गजकर्णासाठी औषधी साबणानं घासून वर औषधाचा पातळ लेप. मूल बाधित असलं, तरी लेपामुळे संसर्गाची भीती कमी होई आणि त्याला वर्गात बसता येई. डॉक्टरांचा नियम होता, ‘आजार दिसला की घरी’. रॉजर्सनं नियम उलटा केला : ‘आजार दिसला की उपचार आणि मग वर्गात’.

महिना संपण्याच्या आतच निकाल दिसला. शहरानं शब्द पाळला, पैसे मंजूर केले, आणखी नर्स नेमल्या आणि रॉजर्सला त्यांची प्रमुख केलं. वर्षभरानं, सप्टेंबर १९०३मध्ये, घरी पाठवलेल्या मुलांची संख्या अकराशेच्या आसपास आली होती. आदल्या वर्षी हाच आकडा दहा हजारांच्या वर होता!

पण आकड्यांवरून हे काम सोपं होतं, असं मात्र समजू नये. सगळ्यात अवघड होतं ते घराचं दार उघडून घेणं. ‘तुमच्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत,’ हे वाक्य कुठल्याही आईला आवडत नाही. त्यात तिला आपल्या गरिबीवरचा आणि स्वच्छतेवरचा ठपका ऐकू येतो. शिवाय सरकारी माणसाची धास्ती. १९०६च्या जूनमध्ये याच भागात अफवा उठली, की शाळेत डॉक्टर मुलांचे गळे कापताहेत. खरं तर काही मुलांवर शाळेतच घशामागच्या गाठींची शस्त्रक्रिया झाली होती. हजारो आया शाळांवर चालून गेल्या, दारं-खिडक्या फुटल्या, पोलीस बोलवावे लागले. शस्त्रक्रिया चुकीची होती असं नाही. पण आयांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरी बसून कुणी नीट समजावलं नव्हतं. नर्सचं खरं काम या ठिकाणी सुरू होतं. औषध पाच मिनिटांत लावून होतं, विश्वास कमवायला मात्र पाच फेऱ्या माराव्या लागतात.

इंग्लंडला जाग आली ती युद्धामुळे. बोअर युद्धात सैन्यभरतीसाठी आलेले असंख्य तरुण शरीरानं अपात्र ठरले. त्यावर नेमलेल्या समितीनं १९०४मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १९०६मध्ये शाळेतल्या जेवणाचा आणि १९०७मध्ये शाळेतल्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. मुलांच्या आरोग्यासाठी मुलांपेक्षा सैन्याची काळजी जास्त उपयोगी पडली, हे कटू असलं तरी खरं आहे. पुढे अनेक दशकं इंग्लंडमधल्या शाळांत डोकी तपासणारी नर्स येत राहिली. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘निटी नोरा’, म्हणजे आपल्या भाषेत ‘लिखाबाई’. चारचौघांत ज्याच्या डोक्यात उवा सापडत त्याची फजिती होई. मदत करतानाही लाज राखावी लागते, हा धडा या व्यवसायाला हळूहळू शिकावा लागला.

आणि आपल्याकडे? भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९मध्ये बडोद्यात झाली, अशी नोंद आहे. तीही बडोद्यात व्हावी, यात आश्चर्य नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. मुलाला शाळेत यायला भाग पाडणाऱ्या राज्याला त्या मुलाच्या शरीराचाही विचार करावा लागतो, हे सूत्र लंडन-न्यूयॉर्कप्रमाणे बडोद्यातही दिसतं. पण बडोद्याचा कित्ता देशभर गिरवला गेला नाही. भोर समितीनं १९४६मध्ये अहवाल दिला तेव्हा शाळांतली आरोग्यसेवा देशात जवळपास नव्हतीच. स्वातंत्र्यानंतर रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९६१मध्ये पुन्हा शिफारशी केल्या. कागद वाढत गेले, शाळेतली नर्स मात्र मुख्यतः निवासी आणि महागड्या शाळांपुरतीच राहिली. बाकी ठिकाणी बाईंच्या कपाटातली प्रथमोपचाराची पेटी हाच दवाखाना.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. या कार्यक्रमात डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक शाळेत येतं. हृदयाची छिद्रं, दृष्टिदोष, रक्तक्षय, दातांचे आजार वेळेवर ध्यानात येतात. हे काम मोठं आहे, यात शंका नाही. पण पथक येतं वर्षातून एकदा. ते जे सांगून जातं त्याचा पाठपुरावा बाकीच्या दिवसांत कोण करणार? जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचं तर बापाचा दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं पडतं. चिठ्ठी हातात असते आणि मूल घरी असतं. १९०२मधली ती न्यूयॉर्कची चिठ्ठी आठवते ती म्हणूनच. आश्रमशाळांत तर आई-वडीलही जवळ नसतात. तिथल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

शोधणं हे डॉक्टरचं काम आणि शोधल्यावर मूल बरं होऊन वर्गात परत येईपर्यंत त्याच्यामागे राहणं हे नर्सचं. पहिलं काम आपण बरंचसं उभं केलं आहे, दुसरं अजून व्हायचं आहे. गैरहजर मुलाच्या नावापुढे फुली मारून मास्तर पुढचं नाव घेतात, तेव्हा ‘तो का आला नाही?’ हे त्याच्या घरी जाऊन विचारणारं कुणीतरी शाळेत असायला हवं. लीना रॉजर्सनं याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)