कॅसिओ, टेप आणि तारपा: किंग्स्टन ते जव्हार

पीएचडीचा विषय काय, असं गावात कुणी विचारलं की मी 'रेकॉर्डिंगचा इतिहास' एवढंच सांगते. पुढे 'जमैका' हा शब्द आला की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघतो. म्हणून ही पोस्ट. वांगणीत, जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या किंग्स्टनमधल्या टेपशी काय देणंघेणं, ते आज सांगायचा प्रयत्न करते.

रेगे तुम्ही ऐकलं नसलं तरी बॉब मार्लेचा टी-शर्ट घातलेला एखादा पोरगा जव्हारच्या बाजारात नक्की पाहिला असेल. ते संगीत वाढलं ते साउंड सिस्टीमवर, म्हणजे मोकळ्या अंगणात रचलेल्या स्पीकरच्या भिंती आणि त्यांच्यासमोर रात्रभर नाच. आपल्या हळदीचीच गोष्ट म्हणा. 1967-68च्या सुमारास रूडी रेडवूड नावाचा साउंड सिस्टीमवाला एका गाण्याची तबकडी कापून घ्यायला स्टुडिओत गेला आणि तिच्यात गायकाचा आवाज घ्यायचाच राहिला, असं सांगतात. ती बिनआवाजाची तबकडी त्याने नाचात लावली, तर गाणं लोकच म्हणायला लागले. तिथून तबकडीच्या दुसऱ्या बाजूला नुसता ठेका देण्याची पद्धत पडली. तिला म्हणायचे 'व्हर्जन'.

याच्यावर खरं काम केलं ते ऑस्बोर्न रडॉक ऊर्फ किंग टबीने. हा माणूस मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर घेतला आणि घरात बसवला. चार ट्रॅक म्हणजे काय, तर एकाच टेपवर शेजारी-शेजारी चार पट्ट्या. ड्रम आणि बास एका पट्टीवर, गिटार-ऑर्गन दुसरीवर, असं. मिक्स करताना कुठलीही पट्टी बंद करता येते, पुन्हा उघडता येते. टबी आवाज बंद करायचा, मग मधेच एक शब्द सोडायचा आणि तो शब्द प्रतिध्वनीत विरत जायचा. हेच डब.

प्रतिध्वनीही टेपचाच. एक हेड आवाज टेपवर लिहितं, थोडं पुढचं दुसरं हेड तोच वाचतं. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल आणि दोन हेडमध्ये 2 इंच अंतर असेल, तर आवाज सुमारे 0.13 सेकंदांनी परत येतो. टेपचा वेग निम्मा केला की 0.27. हे गणित टबीच्या बोटांत होतं. आणि सगळं चालू टेपवर, त्या क्षणी. तेच गाणं पुन्हा मिक्स केलं तर ते वेगळंच व्हायचं, कारण बटणं कुठे होती हे कुठेही साठवलेलं नसायचं. म्हणून मी मिक्सरला वाद्य म्हणते. माझ्या विभागातल्या काहींना हे पटत नाही.

मग आलं 1985. टबीचाच शिष्य किंग जॅमी याने वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' काढलं. त्याचा ठेका कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये तयार भरलेला होता. एक बटण दाबायचं, बास आणि ड्रम सुरू. (तो ठेका बनवणाऱ्या कॅसिओच्या हिरोको ओकुडा यांनी कॉलेजात रेगेवरच प्रबंध लिहिला होता. पीएचडीवाल्यांनो, धीर धरा.) गाणं जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण त्यानंतर किंग्स्टनच्या स्टुडिओंत बास आणि ड्रम वाजवणाऱ्यांची रोजीरोटी झपाट्याने आटली.

आता गंमत बघा. आज कॉम्प्युटरवर हवे तितके ट्रॅक फुकट मिळतात, तरी काही लोक मुद्दाम टेपकडे परत गेलेत. उत्तर स्पेनमध्ये सांतान्देरला रोबेर्तो सांचेझचा ए-लोन आर्क स्टुडिओ आहे, इंग्लंडमध्ये प्रिन्स फॅटी, साओ पाउलोत व्हिक्टर राईस. जुने मिक्सर, जुने माइक, टेप-एको. यातलं काही निव्वळ जुन्याचं वेड आहे, आणि नुसती खरखर घालून विकलेल्या रेकॉर्डी मला कंटाळवाण्या वाटतात. पण चांगल्या रेकॉर्डींचं कारण वेगळं आहे. पट्ट्या थोड्या, म्हणून वादकांना एका खोलीत बसून एकमेकांकडे बघत वाजवावं लागतं. चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. कुणाचा ठेका किंचित मागे रेंगाळला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात, आणि ते सांभाळणं रेकॉर्डीत ऐकू येतं.

आता आपल्याकडे या. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण, ताडाच्या पानांचा कर्णा. तारपा वाजवणारा श्वास तोडत नाही आणि नाचणारे त्याच्या मागे. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. प्रत्येक तारप्याचे सूर त्याचे स्वतःचे, बनवणाऱ्याने भोकं पाडली तसे. आज लग्नात कॅसिओवर 'तारप्याचा आवाज' वाजतो. तो बारा ठरलेल्या सुरांत बसवलेला आणि ठेका मशीनचा, म्हणजे फेर आता मशीनच्या मागे चालतो. पोरांना ते आवडतं, मलाही नाचायला आवडतं. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तारप्याचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. पण कॅसिओ यायच्या आधी पाड्यापाड्यावर तारपा कसा वाजायचा, हे कशात साठवलेलं आहे?

कॅसेटमध्ये. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कुणीतरी टेपरेकॉर्डर फेराच्या कडेला ठेवून लाल बटण दाबलं असेल, तेवढंच. एक माइक, एकच वेळ, पायांचा आवाज, मधेच खोकला. सांचेझ जे पैसे खर्चून करतो, ते इथे आपसूक झालेलं आहे. जमैकात टेप महाग होती म्हणून जुन्यावर नवं रेकॉर्ड करायचे आणि कितीतरी मूळ टेप तशा पुसल्या गेल्या. आपल्याकडे तेच काम पावसाळा करतो.

तेव्हा तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर ऐका. टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती लावूच नका. हेडही खराब होईल आणि टेपही. बरी दिसत असली तरी आधी प्लेअरचं हेड पुसून घ्या. पाठीमागच्या दोन छोट्या चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात लोहचुंबक असतं. आणि घरातलं म्हातारं माणूस जवळ आहे तोवर त्यांना विचारून डबीवर पेनाने लिहा: कोण वाजवतंय, कुठल्या पाड्यावर, कुणाच्या लग्नात.